बंद आणि रिकामी

मला राग लवकर येतो. हे माझ्या घरचे सांगतील, स्टाफरूममधले सांगतील, आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचा सेक्रेटरी तर जरा जास्तच उत्साहाने सांगेल. तेव्हा हे लिहिताना मी शांतपणाचा आव आणत नाही. आणला तरी दोन परिच्छेदांपुढे तो टिकणार नाही.

कल्याणच्या एका कॉलेजात मी बावीस वर्षं समाजशास्त्र शिकवते आहे. या विषयाचा उपयोग काय, हा प्रश्न मला मुलांच्या आईबापांनी विचारला, बँकेतल्या माणसाने विचारला, सख्ख्या भावाने भर पंगतीत विचारला. भावाला मी तिथल्या तिथे असं सुनावलं की त्याने दोन महिने फोन केला नाही. मग एक दिवस तोच प्रश्न प्राचार्यांनी विचारला, आणि प्राचार्यांना सुनावता येत नाही. प्रवेश कमी होत होते, आमच्या विभागाच्या खोलीत त्यांना कसलंसं कौशल्य केंद्र काढायचं होतं. "मॅडम, समाजाला थेट उपयोगी पडेल असं काहीतरी करून दाखवा," ते म्हणाले. म्हणजे इतकी वर्षं मी वर्गात झोपा काढत होते असंच त्यांचं म्हणणं असावं.

नेमकं त्याच सुमाराला एका पाहणीचं काम चालून आलं. विठ्ठलवाडीच्या बाजूला एक रस्ता रुंद व्हायचा होता. त्यात काही चाळी जाणार होत्या आणि तिथे राहणाऱ्यांना दुसरीकडे खोल्या मिळणार होत्या. कोणाला द्यायच्या हे ठरवायचं तर आधी तिथे कोण राहतं ते घरोघर जाऊन लिहून काढायला हवं. हे काम एका खाजगी सल्लागार कंपनीकडे होतं आणि त्यांना फॉर्म भरायला मुलं हवी होती. मला विभाग वाचवायला काहीतरी हवं होतं. मी ते काम झडप घालून घेतलं.

दुसऱ्या वर्षाच्या बारा मुली आणि तीन मुलं. आठ पानांचा फॉर्म. मी त्यांना दोन दिवस शिकवलं: कसं बोलायचं, काय विचारायचं नाही, समोरच्याच्या तोंडात उत्तर कसं कोंबायचं नाही. वेळ ठेवली अकरा ते चार, कारण बऱ्याच मुलींच्या घरून पाचच्या आत या म्हणून ताकीद होती आणि मलाही घरी जाऊन स्वयंपाक करायचा होता. चाळींची जमीन तिथल्याच एका जुन्या घराण्याची. आजोबांच्या काळापर्यंत त्यावर भातशेती होती, मग खोल्या उठल्या. भाडेकरूंत बौद्ध कुटुंबं बरीच. कोणी महापालिकेत, कोणी अंबरनाथला कारखान्यात, कोणाची रिक्षा, एका घरातली मुलगी कोर्टात वकिली करणारी. मुलं आठ दिवस फिरली. उन्हात रापून परत यायची आणि फॉर्म माझ्या टेबलावर आपटायची. मला त्यांचा फार अभिमान वाटत होता, हेही सांगून टाकते.

फॉर्मवर पहिल्याच पानावर एक चौकट होती. खोलीत माणूस भेटला तर "निवासी". दुकान-बिकान असेल तर "व्यावसायिक". दाराला कुलूप असेल तर "बंद". आणि इथे कोणीच राहत नाही असं शेजारपाजारच्यांनी सांगितलं तर "रिकामी". चार पर्याय मी स्वतः भांडून ठेवून घेतले होते.

मग कंपनीतला एक तरुण लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. चांगला होता, नम्र होता, चहाचा कप स्वतः उचलून ठेवायचा. तो म्हणाला, "मॅडम, वरून जो तक्ता आलाय ना, त्यात तीनच रकाने आहेत. 'बंद'चा रकानाच नाही. 'बंद' आणि 'रिकामी' एकत्र टाकू का? तशाही थोड्याच खोल्या आहेत." मी म्हटलं, दोन्ही एक नव्हेत. तो म्हणाला, "खाली टीप टाकतो ना." घड्याळात साडेपाच वाजले होते. मी म्हटलं, टीप नक्की टाका. आणि मी खोल्यांच्या यादीवर सही केली.

ती टीप छापील अहवालात नव्हती. अहवाल चाळीस पानांचा, गुळगुळीत कागदाचा, मागे कॉलेजचं बोधचिन्ह. प्राचार्यांनी तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. मजकूर माझाच, म्हणून छापून आल्यावर मी तो नीट उघडूनही पाहिला नाही. वर्गीकरण कधीच निरागस नसतं, रकाने कोण आखतं त्यावर माणूस दिसणार की नाही ते ठरतं, हे वाक्य मी दर वर्षी जुलैमध्ये फळ्यापाशी उभी राहून म्हणते. मुलं ते लिहून घेतात. परीक्षेत मी त्यावर गुण देते.

वार्षिक परीक्षा संपत आल्या होत्या तेव्हा एक बाई मला शोधत स्टाफरूममध्ये आल्या. पन्नाशीच्या, नेटकी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी पिशवीतून एक झेरॉक्स काढली आणि माझ्यासमोर ठेवली. यादीतल्या एका ओळीवर पिवळी रेघ मारलेली होती.

"ही सही तुमची ना, मॅडम?"

माझीच होती.

"माझी खोली रिकामी लिहिलीय तुम्ही. मी एकोणीस वर्षं राहते तिथे. रिकामी कशी?"

त्या ठाण्यात एका घरी काम करत होत्या. अंथरुणाला खिळलेल्या एका आजींना सांभाळायचं, अंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलायची. सकाळी पावणेसातला खोलीला कुलूप लावून निघायच्या, संध्याकाळी सातला परत. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन नाशकाकडे. दिवसा त्या खोलीत कोण असणार? आणखी काही बंद खोल्याही यादीत अशाच "रिकाम्या" झाल्या होत्या, पण त्या लोकांकडे तिथला पत्ता असलेलं आधार कार्ड होतं किंवा लाईटबिल होतं, त्यांनी हरकत घेऊन नावं लावून घेतली. या बाईंचं आधार गावच्या पत्त्याचं, मीटर चाळमालकाच्या नावाचं. कागदावर त्या तिथे कुठेच नव्हत्या. खोली गेली की त्यांना काहीही मिळणार नव्हतं.

आणि मी काय केलं? मी त्यांना पद्धत समजावून सांगायला लागले. पाहणीच्या वेळी आपण घरी नव्हतात, अशा वेळी नोंद अशी होते, वगैरे वगैरे. शिकलेल्या बाईचा निर्लज्जपणा असा असतो, त्याला आवाज चढवावा लागत नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मॅडम, तुमचं घर कुठे?"

"डोंबिवलीला."

"आता घरी कोण आहे?"

कोणीच नव्हतं. नवरा ऑफिसात, मुलगा पुण्याला. साडेसातपासून कुलूप होतं.

"मग तुमचं घर रिकामं आहे का?"

स्टाफरूममध्ये आणखी तिघं होते. एकाने वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. मला वाटलं होतं मी रागावेन, पण मला नुसती लाज वाटली, कानशिलं तापेपर्यंत. राग नंतर आला आणि तो अजून गेलेला नाही.

त्या गेल्यावर मी विभागातलं कपाट उघडलं. मूळ फॉर्म मी टाकले नव्हते. फॉर्म पाच वर्षं जपायचे हा माझाच नियम. अर्ध्या तासात त्यांच्या खोलीचा फॉर्म मिळाला. "बंद" या शब्दाला व्यवस्थित गोल केलेला होता. आणि बाजूच्या मोकळ्या जागेत पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलं होतं: "शेजारच्या ताई म्हणाल्या, त्या कामाला जातात, सातनंतर भेटतील. पण मॅडमनी चारला निघायला सांगितलंय."

फॉर्म भरणारी मुलगी उल्हासनगरची, वर्गात मागच्या बाकावर बसणारी. मी तिला फोन केला. ती जरा घाबरली, मग म्हणाली, "मॅडम, मी लिहिलेलं ना साइडला. मला वाटलेलं तुम्ही सगळे फॉर्म वाचता." एकोणीस वर्षांच्या पोरीने आमच्या शास्त्राचं काम चोख केलं होतं. घोळ घातला तो डॉक्टरेट असलेल्या बाईने.

दोन दिवसांनी बाईंना घेऊन मी ठाण्याला त्या कार्यालयात गेले. कोणतं कार्यालय ते सांगत नाही. तिथल्या साहेबांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं आणि अर्धा तास आमच्याकडे पाहिलं नाही. मग माझं ऐकून घेऊन म्हणाले, "तुमचंच कॉलेज, तुमचाच सर्व्हे, तुमचीच सही. आता तुम्हीच सांगता चूक आहे? ठीक आहे. लेखी द्या. एक नोंद चूक असेल तर सगळ्याच चूक असू शकतात. मी पूर्ण सर्व्हे रद्द करतो. बाकीच्यांच्या खोल्या लटकल्या तर चाळीतले लोक तुमच्याकडे येतील, माझ्याकडे नाही." हे सगळं ते हसत हसत बोलले. मला त्यांचा टेबलावरचा पेपरवेट उचलून खिडकीबाहेर भिरकावून द्यावासा वाटला. बाई शेजारी बसून होत्या, मांडीवरची पिशवी घट्ट धरून.

आमच्या विषयाचं दुखणं काय, ते मला त्या खुर्चीवर बसल्या बसल्या कळलं. एरवी लोक म्हणतात, यात शास्त्र कसलं, हे तर सगळ्यांना माहीत असतं. पण कोणाला घर द्यायचं आणि कोणाला नाही, असं काही अवघड ठरवायची वेळ आली की त्यांना अचानक आमचा अहवाल लागतो. विषय नको असतो, सही हवी असते. एकदा सही मिळाली की तो अहवाल देवाने लिहिल्यासारखा होतो, त्यातली चूक दाखवायला खुद्द लिहिणारी आली तरी तिला हाकलतात. आणि आम्ही? आम्ही सह्या करतो. विभाग टिकावा म्हणून, उपयोगी दिसावं म्हणून, साडेपाच वाजले म्हणून.

साहेबांचं बोलणं चाळीत माझ्याआधी पोचलं होतं. मी संध्याकाळी साडेसातला तिथे गेले तेव्हा लोक जमलेलेच होते. आणखी एक कबुली देते: संध्याकाळच्या वेळेला मी त्या चाळीत पहिल्यांदाच पाऊल टाकलं. दिवसा ज्यांना कुलपं पाहिली होती ती दारंही उघडी होती, कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या, नळावर वाद होता, कोणीतरी दाराशी बसून मुलीच्या वेण्या सोडवत होती. ज्या वस्तीवर मी चाळीस पानं लिहिली ती वस्ती मी पाहिलीच नव्हती.

त्या बाई तिथे राहतात एवढं लिहिलेल्या कागदावर मला शेजाऱ्यांच्या सह्या हव्या होत्या. कोणी पुढे येईना. पलीकडच्या खोलीतल्या शेजारीण, त्या दिवशी "सातनंतर या" म्हणणाऱ्या त्याच, पदराशी चाळा करत म्हणाल्या, "मॅडम, आम्ही काय खोटं बोलतो? ती राहतेच. पण सही केली आणि सगळ्यांचंच थांबलं तर? आम्हाला आताच कुठे यादीत नाव दिसलंय."

बाईंचा इतके दिवस धरलेला आवाज तेव्हा फुटला. "अगं, माझ्या खोलीची चावी तुझ्याकडे असते! तुझी पोरगी झाली तेव्हा तुला दवाखान्यात कोणी नेलेलं? रिकाम्या खोलीने नेलेलं का?"

शेजारीण रडायला लागल्या, पण सही करीनात. मी त्यांच्यावर भयंकर चिडले, आणि चिडताना मला कळत होतं की माझा त्यांच्यावर चिडायचा अधिकार नाही. त्यांच्यात ही भांडणं मीच लावून दिली होती, एक रकाना वाचवून.

तेवढ्यात चाळमालक आले. सत्तरीचे, लुंगी आणि बनियन, हातात काठी. खोली रिकामी ठरली तर ती त्यांच्याकडे परत जाणार होती आणि तिचा मोबदला त्यांना मिळणार होता, त्यामुळे हे गृहस्थ आता बाईंना उडवून लावणार अशी मी तयारी ठेवली. भांडायची वाक्यंही जुळवली. त्यांनी कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मग मला म्हणाले, "बाय, खोली रिकामी धरली तं ती माझे ताब्यान येल, येवरा कलतंय माना. पन जी रोज डोल्यांसमोर हाय ती नाय कशी म्हनू?" आणि त्यांनी भिंतीला कागद टेकवून सही केली. त्यानंतर चौघांनी केली. शेजारीण सगळ्यात शेवटी, अक्षर न अक्षर लावून. इतरांनी दारं लोटून घेतली.

प्राचार्यांनी मला पत्रासाठी कॉलेजचा कागद वापरू दिला नाही. "तुमच्या चुकीसाठी कॉलेजचं नाव कशाला?" त्यांचं म्हणणं. अहवालावर मात्र बोधचिन्ह चाललं होतं. मी साध्या फुलस्केपवर लिहिलं, स्वतःच्या नावाने: "बंद" आणि "रिकामी" या दोन वेगळ्या नोंदी एकत्र करण्यास मी संमती दिली, ती चूक माझी आहे, मुलांनी भरलेले फॉर्म बरोबर आहेत, त्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. आमच्या विभागाचं काय व्हायचं ते पुढच्या वर्षी होईल, प्राचार्यांचा चेहरा पाहता काय होईल ते मला माहीत आहे.

लेखी कागद, त्यावर पोच म्हणून शिक्का, सोबत सह्या. एवढं झाल्यावर, आता जाब त्यांनाच द्यावा लागणार म्हटल्यावर, साहेबांची पूर्ण पाहणी रद्द करण्याची हौस फिटली. त्यांनी फक्त त्या एका खोलीची फेरतपासणी करायला सांगितलं. बाईंना निरोप आला: माणूस पाठवू, या आठवड्यात कधीही, कार्यालयीन वेळेत. संबंधित व्यक्ती खोलीत हजर हवी.

कार्यालयीन वेळेत! मी फोनवर त्यांच्या कारकुनाशी भांडले. नक्की दिवस सांगा, ती बाई नोकरी करते. तो म्हणाला, "मॅडम, ज्याला घर पाहिजे तो थांबतो." मी साहेबांना फोन लावला, ते मीटिंगमध्ये. दुसऱ्या दिवशीही मीटिंगमध्ये.

बाई सोमवारी थांबल्या. मंगळवारी थांबल्या. दाराच्या उंबऱ्यावर बसून, पाण्याला गेल्या तर शेजारणीला बसवून. ठाण्याहून फोन येत होते: आजींना कोण बघणार? बुधवारी कोणी आलं नाही. गुरुवारी दुपारी बाराच्या सुमाराला टॅब घेतलेला एक माणूस आला, दहा मिनिटांत फोटो काढून, प्रश्न विचारून गेला.

पुढच्या आठवड्यात बाई कॉलेजात आल्या. या वेळी हातात पेढ्यांचा पुडा होता. फेरतपासणीचा छापील कागद त्यांनी माझ्यापुढे केला. खोली: निवासी. पात्र. शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. मला इतका आनंद झाला की मी उठून त्यांचे हात धरले. मग सवयीने कागद शेवटपर्यंत वाचत गेले. तळाशी व्यवसायाची ओळ होती आणि तिच्यापुढे लिहिलं होतं: "काही नाही. घरीच असतात."

माझं डोकंच फिरलं. "हे काय लिहिलंय यांनी? तुम्ही त्याला सांगितलं नाहीत का?"

"सांगितलं. तो म्हणाला, काम करता तर मग आता घरी कशा?"

"थांबा, मी आत्ता फोन लावते. हे चूक आहे, हे बदलून घ्यायचं. आपण पुन्हा ठाण्याला जाऊ."

मी पर्समध्ये फोन शोधायला लागले. त्यांनी पुडा उघडून माझ्यापुढे धरला.

"राहू द्या, मॅडम," त्या म्हणाल्या. "तेव्हा चूक होतं ते. त्या घरी तीन दिवस वाट बघून गुरुवारी दुसरी बाई ठेवली. आता मी घरीच असते."